मामाच्या द्राक्षांची वाइन बोटीवर

लग्नाला 20 वर्षं झाली म्हणून आम्ही सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार रात्रींची क्रूझ बुक केली, आणि मग पार्ल्याच्या घरात दोन आठवडे एकच चर्चा, वाइन घरून न्यायची की बोटीवर जाऊन घ्यायची? नवऱ्याचं म्हणणं होतं की एवढे पैसे भरलेत तर बाटल्यांचं ओझं कशाला. पण माझ्या मामाची नाशिकजवळ दिंडोरीला द्राक्षाची बाग आहे, शेनिन ब्लांक या व्हाइट वाइनच्या द्राक्षांची, आणि फेब्रुवारीत काढणीला आम्ही दोघं तिथे होतो. त्याच द्राक्षांची वाइन आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला प्यायची नाही तर कधी?

आधी बॅलर्ड पिअरवरून गोव्याची क्रूझ केली होती तेव्हा बाहेरची दारू अजिबात चालत नव्हती, त्यामुळे मला वाटलं सगळीकडे तसंच असेल. तसं नाही. आमच्या बोटीचा नियम होता की मोठ्या माणसाला माणशी 750 मिलीची एक सीलबंद बाटली, फक्त वाइन किंवा शॅम्पेन, तीही पहिल्याच दिवशी आणि हातातल्या बॅगेतून. मधल्या बंदरावर काही घेतलं तर ते ठेवून घेतात आणि शेवटी परत देतात. डायनिंग रूममध्ये आपली बाटली उघडली की 15 डॉलर कॉर्केज, म्हणजे आपले हजाराच्या वर, जवळजवळ बाटलीच्याच किमतीएवढे! केबिनमध्ये प्यायली तर काहीच नाही. हे कळलं आणि माझं ठरलं, दोन बाटल्या न्यायच्या आणि बाल्कनीतच उघडायच्या.

आता विमानात केबिन बॅगेत 100 मिलीच्या वर लिक्विड चालत नाही, म्हणून बाटल्या चेक-इनमध्ये टाकाव्या लागतात. जुन्या टॉवेलात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी, आणि बॅगेच्या बरोब्बर मध्ये कपड्यांत. सिंगापूरला माणशी दोन लिटर वाइनपर्यंत ड्युटी लागत नाही (48 तास सिंगापूरबाहेर असायला हवं आणि मलेशियातून येत नसाल तर), आमची दोघांची मिळून दीड लिटर. हॉटेलवर पोचल्यावर बाटल्या हँडबॅगेत घातल्या, हे विसरू नका, कारण मोठ्या बॅगा टर्मिनलवर पोर्टरकडे जातात. मरिना बे क्रूझ सेंटरला स्कॅनरवर बाटल्या दिसल्या, एकाने सील बघितलं आणि जा म्हणाला. झाकण फिरकीचं होतं म्हणून कॉर्कस्क्रूचीही भानगड नव्हती.

पहिल्या रात्री स्टुअर्डकडून बर्फाची बकेट मागवली, शेनिन ब्लांक कोमट असली की तिची मजाच जाते. मलाक्काच्या सामुद्रधुनीत संध्याकाळनंतर जिकडे बघावं तिकडे मालवाहू जहाजांचे दिवे, आणि आम्ही बाल्कनीत पाय वर घेऊन. पहिल्या घोटाला मला बागेतली ती सकाळ आठवली, हात चिकट झालेले, क्रेट भरतायत आणि मामा सारखा ओरडतोय, घड हळू ठेवा गं.

दुसरी बाटली फुकेतच्या आदल्या रात्रीसाठी ठेवली होती, पण रेस्टॉरंटमध्ये शेजारच्या टेबलावरचं चेन्नईचं म्हातारं जोडपं भेटलं, त्यांच्या लग्नाला 48 वर्षं. मग ती तिथेच उघडली आणि 15 डॉलर भरले, चौघांनी प्यायली. आजोबांनी लेबल दोनदा वाचलं, नाशिकला वाइन होते हे त्यांना माहीतच नव्हतं. मी लगेच मामाला फोटो पाठवला.

त्याचा रिप्लाय आला, पुढच्या काढणीला त्यांनाही घेऊन या.