मग हे फूल खायचं की नाही?

मी केलेल्या केकचा डबा उघडला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "खरी फुलं हायत का वो ही?" साखरेची आहेत म्हटलं की दुसरा, "मग खायची का?" मी म्हणते, नका खाऊ. यावर जरा शांतता, आणि मग तिसरा, हिशोबी आवाजात: "खायची नाहीत तर साखरेची कशाला केलीत? गणपतीच्या मखराला लावतो तसली प्लास्टिकची चार खोचली असती तर स्वस्तात पडलं नसतं का?"

दारात उभं राहून, हातात दोन किलोचा केक धरून याचं उत्तर देता येत नाही. मी हसते, पैसे घेते आणि जिना उतरते. पण मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघींनी विचारलं, आणि तिसरीने तर "खरंच सांगा, मला राग नाही" असंही वर जोडलं. तुम्ही विचारलंत म्हणून बसून सांगते.

आधी खाण्याचं. फुलात तार असते. गुलाबाच्या देठाला १८ नाहीतर २० नंबरची जाड, पाकळीच्या पोटात २८ किंवा ३० नंबरची, अगदी बारीक. नंबर वाढला की तार बारीक. हे बाहेरगावच्या बायकांना दोनदा समजवावं लागतं. आमच्या सोलापुरात नाही, सुताचा काउंट माहीत असलेल्या माणसाला आकडा मोठा तर धागा बारीक हे सांगावं लागत नाही. पाकळी लाटताना मध्ये एक शिरेसारखा उंचवटा ठेवायचा, तार अंड्याच्या पांढऱ्यात किंवा पाण्यात जेमतेम ओली करून त्या उंचवट्यात हळूच सरकवायची. ती आत गेली की बाहेरून दिसत नाही. गोम तिथेच आहे.

सुरुवातीच्या काळात जुळे सोलापूर भागात एका चार वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला मी गुलाब लावून दिले आणि तार आहे हे सांगायचंच विसरले. केक कापायच्या आधीच पोरीने एक पाकळी उचलून कडकन चावली. हिरडीला टोचलं, रक्त आलं, रडारड झाली. तिची आई मला काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. चूक सगळी माझी. तेव्हापासून ऑर्डर घेताना एकदा, केक देताना एकदा आणि रात्री फोन करून एकदा, असं तीनदा सांगते. शिवाय तार केकमध्ये थेट खुपसत नाही. स्ट्रॉचा तुकडा घ्यायचा, खालचं तोंड चॉकलेटने बंद करायचं, तो केकमध्ये रोवायचा आणि देठ त्यात. फूल उचललं की स्ट्रॉसकट बाहेर येतं.

मग साखरेचंच कशाला? कारण ते खाण्याच्या वस्तूवर बसणार आहे. तुम्ही फूल खा न खा, त्याचा रंग, त्याची पूड, एखादा तुटलेला कोपरा क्रीममध्ये पडणारच, आणि तो कोणाच्या तरी ताटलीत जाणार. २०१८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली. केकवरच्या गुलाबी-सोनेरी चमकीत तांब्याची पूड निघाली. अशा डब्यांवर बरेचदा 'नॉन-टॉक्सिक' छापलेलं असतं. बाजारात तो शब्द दाखवून मलाही चमकी विकायचा प्रयत्न झालाय. विषारी नाही म्हणजे खायचं आहे असं होत नाही. खडूही विषारी नसतो. मी डबी उलटी करून साहित्याची यादी आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर बघते, नसला तर ठेवून देते. दुकानदार म्हणतात, बाई लई किचकट. असू दे.

साखरेची वस्तू आधी बघायला आणि मग खायला, ही कल्पना काही माझी नव्हे, आणि केकवाल्यांचीही नव्हे. सोळाव्या शतकात युरोपात कतीरा जातीचा डिंक भिजवून त्यात साखर मळायचे आणि त्याची ताटं, पेले, फळं करायचे. १५५८ साली इंग्रजीत छापलेल्या एका कृतीत लिहिलंय की जेवण झालं की ही भांडी मोडून खाऊन टाकावीत. आता डिंकाऐवजी बहुतेक जणी टायलोज म्हणजे सीएमसी पावडर घालतात, बाकी गोष्ट तीच.

आणि युरोपात तरी कशाला जायचं? आमच्या घरात सासूबाई अजून हलवा करतात. ज्यांनी फक्त पाकिटातला पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते: शेगडीत निखारे अगदी मंद, वर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि चमचा-चमचा पाक घालत बोटांनी ती सतत हलवत राहायची. तासाभरात काहीच झाल्यासारखं वाटत नाही. मग कधीतरी दाण्याला बारीक टोकं दिसू लागतात. तो काटा. आच वाढली की काटा मोडतो, हात थांबला की गोळे होतात, आणि हवेत ओल असेल तर काटा येतच नाही. म्हणून तो संक्रांतीच्या थंडीत, गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत. मग तो हलवा दोऱ्यात ओवून मंगळसूत्र, हार, बाजूबंद, मुकुट. नवी सून काळ्या साडीवर घालते, बोरन्हाणात बाळाला घालतात, आणि संध्याकाळपर्यंत निम्मा हार पोरांच्या तोंडात गेलेला असतो. दोरा कोणी खात नाही. दोरा आहे म्हणून हार प्लास्टिकच्या मण्यांचा का केला नाही, असंही कोणी विचारत नाही. माझी तार म्हणजे तो दोरा आहे, एवढंच.

हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुझ्या फुलाला काटा कुठाय? नुसतं गुळगुळीत." त्यांच्या लेखी अजून मी नापासच.

कृती फार लांबवत नाही, कारण वाचून येत नाही. अर्धा किलो आयसिंग शुगरला साधारण साडेसहा चहाचे चमचे टायलोज, अंड्याचा पांढरा भाग, आणि शेवटी थोडं वनस्पती तूप. आमच्याकडे लिंगायत आणि जैन घरांतल्या ऑर्डरी बऱ्याच, तिथे अंड्याऐवजी पाणी. नवीन शिकणारीने पाव किलो तयार फॉन्डंटमध्ये, म्हणजे केकवर पसरायच्या मळलेल्या साखरेत, चहाचा एक सपाट चमचा सीएमसी मळून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावं, तेवढ्यावर सहा महिने शिकता येतं. मिक्सरमध्ये दळलेली घरची पिठीसाखर चालत नाही. वस्त्रगाळ केली तरी कण राहतात आणि पातळ पाकळी नेमकी त्या कणापाशी फाटते. साखर पेठेत राहून, जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने असून, मला साखर बाहेरची आणावी लागते यावर आमच्या ह्यांचे विनोद अजून संपलेले नाहीत.

खरा खेळ हवेचा. डोंबिवलीच्या मावसबहिणीला मी हे सगळं फोनवर शिकवलं, तिची पाकळी दोन दिवसांनीही मलूल. साखर हवेतलं पाणी ओढते. माझ्याकडे उलटं. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की लाटलेली पाकळी दोन मिनिटांत खडखडीत, कडेला मुरड घालायला जावं तर तडा. म्हणून पंखा बंद, पाकळ्या प्लास्टिकखाली झाकलेल्या, बोटांना तुपाचा हात, आणि एका वेळी तीनच लाटायच्या. घामाचं विचारू नका. पण एकदा वाळलं की सोलापूरसारखी हवा नाही. आमच्या शोकेसमध्ये पाच वर्षांपूर्वीचा गुलाब आहे, रंग थोडा उडालाय, आकार तसाच. फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढला की फुलाला घाम सुटतो आणि रंग ओघळतो.

अजून एक अडचण आहे ती फक्त इथलीच. शेजारी माग आहेत. खट-खट सुरू झालं की माझ्या फळीवर उलटी टांगलेली फुलं थरथरतात आणि पाकळीला पाकळी लागून कडा उडतात. थर्माकोल लावून पाहिलं, रबर लावून पाहिलं. शेवटी स्टँडखाली चार घड्या घातलेला सोलापुरी टॉवेल ठेवला, तेव्हा थांबलं. ज्या मागाने त्रास दिला त्याच मागाचा असेल कदाचित.

खऱ्या फुलांबद्दलही विचारतात. चांगली वाढलेली, न फवारलेली गुलाबाची पाकळी मी आनंदाने लावते. पण बाजारातलं फूल देवासाठी आणि हारासाठी पिकवलेलं असतं, खाण्यासाठी नाही. त्यावर काय मारलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि काही फुलांना तर फवारणीचीही गरज नाही.

कण्हेर. झाडाचं पान, फूल, साल, चीक, सगळंच विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं. तरी अंगणात असते, कारण महादेवाला पांढरी कण्हेर लागते. दोन वर्षांपूर्वी एका घरातून अज्जांच्या, म्हणजे आजोबांच्या, पंचाहत्तरीच्या केकची ऑर्डर आली. सून म्हणाली, "अज्जा रोज अंगणातली कण्हेर तोडून पूजा करतात. केकवर तीच पाहिजे." खरी लावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी मनातून खूश झाले. हे काम साखरेशिवाय कोणाला जमणार होतं?

कण्हेरीचा कटर मिळत नाही. पत्र्याची पट्टी वाकवून केला. पाच पाकळ्या, पण गुलाबासारख्या एकमेकींना बिलगलेल्या नाहीत, भिरभिऱ्यासारख्या सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. घशाशी झालरीसारखे बारीक तंतू. ते कात्रीच्या टोकाने कातरले, एकेका फुलाला वीस मिनिटं. पानांच्या शिरांसाठी एरवी मी जास्वंदीचं पान धुऊन त्यावरच साखरेची पेस्ट दाबते. इथे खऱ्या पानाला हात लावला नाही, मधली ठळक शीर सुरीच्या बोथट बाजूने ओढली. पांढऱ्याला नुसतं पांढरं ठेवलं तर खडूसारखं दिसतं, म्हणून घशात किंचित हिरवट पिवळी पूड, आणि शेवटी किटलीच्या वाफेवरून दोन सेकंद फिरवलं की पूड बसते, झडत नाही. आणि एक गोष्ट मला फार सुचली असं तेव्हा वाटलं होतं. कण्हेरीखाली सकाळी सडा पडलेला असतो ना, तसा केकच्या पाटावर अकरा फुलांचा सडा. ती फुलं बिनतारेची. म्हणजे खाता येणारी.

अज्जांनी चष्मा पुसला आणि केककडे नाही, पानांकडे बघितलं. "बाई, फूल झ्याक हाय. पण कण्हेरीची पानं तीन-तीन येतात. तुम्ही दोन-दोन लावलाव." खरंच की. एका पेराला तीन पानं, घेरात. इतके दिवस रस्त्याच्या दुभाजकावर बघत होते आणि दोनच दिसत होती.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "खायचं का?" मी पहिल्यांदाच म्हटलं, "झाडावरची नको अज्जा, खाली पडलेली खा." ते हसले. "आयुष्यभर पोरांना वरडत आलो, कण्हेर तोंडात घालू नका म्हणून," असं म्हणत एक उचलून तोंडात टाकलं. कडकन आवाज आला. "गोड हाय की!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या तीन वर्षांच्या पणतूने दुसरं उचललं, तेही खाल्लं, आणि तिसऱ्याला हात घातला.

मी फोटो काढत होते. सुनेकडे लक्ष गेलं तर ती टाळ्या वाजवत नव्हती. ती उघड्या दारातून अंगणात बघत होती, तिथे खऱ्या कण्हेरीखाली सकाळचा सडा तसाच पडला होता. कोणाला काही न बोलता ती उठली, केरसुणी घेतली आणि संध्याकाळच्या वेळी, दिवेलागणीला, पाहुण्यांच्या देखत अंगण झाडायला लागली.

कण्हेरीच्या ऑर्डरी अजून येतात, श्रावणात जास्त. करते. पानं तीन-तीन लावते, सडा टाकत नाही, आणि प्रत्येक फुलात तार घालते.