लॅपटॉप घ्यायला निघालो होतो

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापूस दिला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, पण ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात ठरलेली, त्यामुळे हातात आले ते कागदावरच्यापेक्षा कमीच. तरी चुकारा जमा झाला त्या रात्री जेवताना विषय निघाला, की यंदा पोरीसाठी लॅपटॉप घ्यायचा. ती अकरावीत आहे. हिंगणघाटला टायपिंगच्या क्लासला जाते, मराठी ३० ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा द्यायची आहे. क्लासमध्ये बसायला एक तास मिळतो आणि घरी सरावाला काही नाही. पस्तीस हजारांपर्यंत ताणू, असं मी मनात धरलं होतं. डेस्कटॉपचं नाव कोणी काढलंच नाही. लाईन जाते त्या गावात बिनबॅटरीचा कॉम्प्युटर कोण घेईल?

पहिली खुट्टी मारली भाच्याने. तो नागपुरात नोकरीला आहे, फोनवर म्हणाला, "मामाजी, माझा लॅपटॉप पाहून घ्या आधी." दिवाळीला आला तेव्हा त्याने तो दाखवला होता, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं. टचपॅड वर उचलला गेला होता, झाकण नीट बसत नव्हतं. आतली बॅटरी फुगली होती. टिनाच्या खोलीत दोन उन्हाळे, आणि चार्जर चोवीस तास लावलेला. आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश म्हणजे बातमी नाही. आमचं माडीचं छत टिनाचंच आहे.

पण डेस्कटॉपचाही अनुभव घरात होता. माझ्या साडभाऊकडचा मोठा डबा एका पावसाळ्यात 'फट्ट' करून बंद पडला. उघडला तर एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या पेटीत, पाल जाऊन चिकटलेली. वास आठ दिवस गेला नाही. एसएमपीएस बदलला आणि तो कॉम्प्युटर आजही चालतो, हेही सांगायला पाहिजे. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला असता तर त्याने तो भंगारातच दिला असता.

मी असा दोन्हीकडून विचार करत बसलो असताना बायकोने विचारलं, "हा ठेवणार कुठं?"

म्हटलं, "लॅपटॉप आहे, कुठंही ठेवता येतो. मांडीवरही."

"मांडीवर हिशोब होते का? मले वही ठेवायले जागा पायजे."

ती बचत गटाची सचिव आहे. महिन्याच्या बैठकीनंतर बारा जणींची पासबुकं आणि ते लांबलचक रजिस्टर उघडं टाकून बसते, आणि मग सगळं मोबाईलवर भरते, डोळे बारीक करून. पीक विम्याचा फॉर्म असो की सातबारा, घरातलं असलं काम तीच करते. हे मला माहीत होतंच, पण कॉम्प्युटर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पोरगीच येत होती. त्या रात्री आम्ही टेबल नीट मोजलं. शिलाई मशीन सरकवलं की बावीस इंचाचा मॉनिटर आणि रजिस्टर दोन्ही बसत होते.

भाच्याने मग तिसरीच वस्तू सुचवली. ऑफिसमध्ये वापरून काढलेले छोटे डेस्कटॉप मिळतात, जाड पुस्तकाएवढे, बाजारात त्यांना 'टायनी' म्हणतात. आत एसएमपीएस नसतो, लॅपटॉपसारखा बाहेरून ६५ वॅटचा अडॅप्टर लागतो. म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला झेपेल असा डेस्कटॉप. त्याने एकच गोष्ट तीनदा बजावली, "प्रोसेसर आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका."

एसटीने नागपूर गाठलं, गणेशपेठेत उतरलो आणि बर्डीत चार दुकानं फिरलो. दुसऱ्या दुकानात फारच स्वस्त मिळत होता. दुकानदार म्हणे, "काका, आय फाइव्ह आहे, अजून काय पाहिजे?" पोरीने स्क्रीनवर वाचलं, सहावी पिढी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून साधारण सपोर्ट बंद केला आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आय फाइव्ह हे नाव दोन्हींवर सारखंच असतं, फसायला होतं ते इथंच. काकांना हे माहीत असेल अशी त्या दुकानदाराची अपेक्षा नसावी. काकांना नव्हतंच माहीत, पोरीला होतं.

चौथ्या दुकानात आठव्या पिढीचा मिळाला. आठ जीबी रॅम आणि रॅमची एक जागा रिकामी, म्हणजे पुढे वाढवता येईल. स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच चिकटवलेली असते. पोरीने दुकानातच tpm ची खिडकी उघडून २.० आहे का पाहिलं, सेटिंगमध्ये विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे का पाहिलं. मी पक्कं बिल मागितलं आणि एक वर्षाची वॉरंटी त्यावरच लिहून घेतली. डबा १४,५००, नवीन मॉनिटर ६,४००, कीबोर्ड-माऊस ७५०, वेबकॅम १,१००, वायफायचा डोंगल ४००. एकूण २३,१५०. डोंगलचं मी विसरलो होतो, तो नसता तर मोबाईलचं हॉटस्पॉट धरलंच नसतं. परत येताना मॉनिटरचं खोकं मांडीवर घेऊन बसलो. मांडीवर घ्यायचं सुख तेवढं मिळालं.

खरी गंमत घरी झाली. पहिल्याच संध्याकाळी लाईन गेली, पंखा-लाइट इन्व्हर्टरवर आले, आणि कॉम्प्युटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू झाला. बायकोने भरलेले सात जणींचे हप्ते गेले. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहीत नाही.

गावातला वायरमन पोरगा आला आणि त्याने इन्व्हर्टरच्या मागे बोट दाखवलं. तिथं एक छोटं बटण होतं, चार वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. एका बाजूला 'नॉर्मल', दुसऱ्या बाजूला 'यूपीएस'. नॉर्मलवर बदल व्हायला क्षणभर वेळ लागतो, पंख्याला तो कळत नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात मरतो. यूपीएसवर टाकलं, मेन पाडून पाहिलं. स्क्रीन हललीही नाही. वायरमनला चहा दिला, विषय संपला असं वाटलं.

चार दिवसांनी रात्री नऊलाच इन्व्हर्टर टूं-टूं करू लागला, बॅटरी बसली. लाईन तर गेलीच नव्हती! झालं असं, की आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) गावची घरं आणि नाल्याकाठचे पंप एकत्र आहेत. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की संध्याकाळी व्होल्टेज १६५ वर येतो. यूपीएसवर असताना इन्व्हर्टर १८० च्या खालचा करंट घेतच नाही, लाईन गेली असं समजून बॅटरी खात बसतो. नॉर्मलवर तोच इन्व्हर्टर पडेल व्होल्टेजवरही बॅटरी चार्ज करत राहतो. म्हणजे मीच माझ्या हरभऱ्याला पाणी देऊन माझाच कॉम्प्युटर बंद पाडत होतो.

स्टॅबिलायझर घ्यावा का, यावर अजून घरात एकमत नाही. सध्या कामाला बसताना बटण यूपीएसवर, उठताना नॉर्मलवर, असं चाललं आहे. माझा दोनदा उलटसुलट घोळ झाला तेव्हा बायकोने यूपीएसच्या बाजूला लाल टिकली चिकटवली. सोबत दर दोन ओळींनी कंट्रोल एस दाबायची सवय तिने स्वतःला लावून घेतली. डब्याच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा लावला आहे, पालीसाठी. तो दर रविवारी झटकावा लागतो, नाहीतर कापसाच्या तुसाने हवा अडते आणि आतला पंखा ओरडायला लागतो.

पोरीचा वेग आता मिनिटाला बावीस शब्द आहे. परवा ती म्हणाली, "बाबा, बारावीनंतर होस्टेलले गेली की मले लॅपटॉप लागन."

मी काही बोलायच्या आत रजिस्टरमधून मान वर न करता तिची आई म्हणाली, "घेजो. हा इथंच राहीन."