अ‍ॅलर्जी म्हणून किती दिवस काढायचे?

अ‍ॅलर्जीच्या सर्दीच्या दोन खुणा भरवशाच्या: खाज आणि दोन्ही बाजू. नाक, डोळे, टाळू खाजतात, एकामागून एक शिंका येतात, पाण्यासारखं पातळ गळतं. नाक चोंदलं तर कधी डावी नाकपुडी बंद, कधी उजवी, पण बाजू बदलत राहते. ताप नसतो. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आटोपते. ही मात्र धूळ, परागकण, बुरशी किंवा पाळीव मांजर आसपास असेपर्यंत चालूच राहते. एवढंच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे धावायची गरज नाही, नेहमीचे डॉक्टर पुरेसे आहेत. खाज नाही, बाजू एकच, किंवा औषध नीट घेऊनही फरक नाही, यातलं काहीही असेल तर मात्र ‘अ‍ॅलर्जीच आहे’ म्हणून अंगावर काढू नका.

यातल्या ‘नीट घेऊनही’ या शब्दांवर जरा थांबायला हवं, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. नाक चोंदणं हा मुख्य त्रास असेल तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे हे सर्वांत परिणामकारक औषध. पण लोक तो नाक बंद झालं की मारतात आणि दोन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून ठेवून देतात. तो रोज मारायचा असतो आणि पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात.

मारण्याचीही रीत आहे. आधी नाक शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा, नवी असेल किंवा बरेच दिवस वापरली नसेल, तर बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. दाबताना हळूच श्वास आत घ्या. जोरात ओढलं तर औषध घशात उतरतं आणि कडू लागतं ते वेगळंच. फवारा मधल्या पडद्यावर बसत राहिला की तिथे खपल्या धरतात, रक्त येतं. असं झालं तर आधी दिशा तपासा. तरीही येत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

याच्या अगदी उलट स्वभाव नाक झटक्यात मोकळं करणाऱ्या थेंबांचा. ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिन काही मिनिटांत काम करतात, म्हणूनच गोत्यात आणतात. तीन ते पाच दिवसांपुढे वापरले की परिणाम उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. महिनोन् महिने थेंबांवर काढणारा माणूस त्याला अ‍ॅलर्जीच समजत असतो. थेंबांशिवाय झोपच लागत नसेल तर हे एकच कारण तज्ज्ञांकडे जायला पुरेसं आहे. ही सवय बहुधा स्टिरॉइड स्प्रेच्या आधाराने सोडवता येते.

स्प्रे बरोबर वापरून दोन ते चार आठवडे झाले, झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळीही घेतली आणि तरी नाक बंदच, तर आत पाहायची वेळ आली. पडदा वाकडा असू शकतो (याला सरसकट ‘हाड वाढलंय’ म्हणतात), आतली मांसल घडी फुगलेली असू शकते किंवा पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराची मऊ फुगलेली वाढ, असू शकतो. वास येणं कमी झालं किंवा बंद झालं तर पॉलिपची शक्यता वाढते. त्यातच दमा असेल आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी श्वास लागत असेल, तर हे तिन्ही एकत्र सांगा. तो एकच आजार असू शकतो.

एकाच बाजूच्या तक्रारीला मी महिना देणार नाही. एकच नाकपुडी कायम बंद, एकाच बाजूने पुन्हा पुन्हा रक्त किंवा रक्ताळलेला शेंबूड, चेहऱ्याच्या एका भागाला बधिरपणा: हे अ‍ॅलर्जीचं वागणं नाही, आत गाठ नाही ना हे बघावं लागतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं गळत असेल तर मणी, स्पंज, बी असं काही बहुधा आत अडकलेलं असतं. बटण सेलची शंका असेल तर तासाभराचाही उशीर नको. तो पडदा जाळतो. डोक्याला मार लागल्यानंतर एका बाजूने स्वच्छ, खारट पाणी गळत असेल आणि वाकल्यावर वाढत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

कानाचंही असंच. अ‍ॅलर्जीत दोन्ही कानांना दडे बसणं नेहमीचं. पण एका कानाने अचानक, काही तासांत किंवा झोपेतून उठल्यावर, ऐकू येईनासं झालं तर ते सर्दीच्या खात्यावर टाकू नका. ओठ मिटून गुणगुणून बघा: आवाज दडे बसलेल्या कानात मोठा वाटला तर कान नुसता बंद असण्याची शक्यता जास्त, चांगल्या कानात मोठा वाटला तर ऐकण्याची नस दुखावल्याची. ही ढोबळ परीक्षा आहे, निदान नव्हे. निकाल काहीही लागो, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी तपासून घ्या, कारण नसेच्या बहिरेपणावरचे स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितकं ऐकू परत येण्याची आशा जास्त.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, तीव्र डोकेदुखीबरोबर ताप आणि ताठलेली मान, यांपैकी काही असेल तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. जीभ-ओठ सुजून श्वास अडकत असेल तरीही तेच. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, गोळी नव्हे.

तपासणीचा बाऊ करू नका. नाकात बधिर करणारा स्प्रे मारून तीन-चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घालतात, काही मिनिटांत आटपतं. दाब जाणवतो, डोळ्यांत पाणी येतं. जाताना कोणतं औषध किती दिवस घेतलं, त्रास कोणत्या बाजूला आणि कुठल्या ऋतूत होतो हे लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी ठरली असेल तर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी ‘नाही’ म्हणते. रक्ताच्या चाचणीला ही अट नाही. आणि ऑपरेशन सुचवलं, तर त्यानंतर स्प्रे चालू ठेवावा लागेल का हे तिथेच विचारून घ्या. वाकडा पडदा सरळ होतो, पॉलिप निघतात, पण अ‍ॅलर्जी कापून काढता येत नाही, आणि स्प्रे बंद केल्यावर पॉलिप परत येऊ शकतात.