बोलणं कसं रंगवायचं?

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गेल्या हिवाळ्यात हातात असलेली गोष्ट एवढीशी होती: घाटात एसटी बंद पडते आणि दुसरी गाडी येईपर्यंत एक आजी आणि तिचा नातू बोलत बसतात. ३२ पानांचं पुस्तक, म्हणजे छपाईच्या भाषेत १६ पानांचे दोन फॉर्म. पाठलाग नाही, वादळ नाही, वाघ नाही. नुसतं बोलणं. लेखिकेनं संवाद इतके जिवंत लिहिले होते की वाचताना दोघांचे आवाज ऐकू यायचे, आणि नेमकी तिथेच चित्रकाराची पंचाईत होती. बोलणारी दोन माणसं एका जोडपानावर काढली की पुढच्या जोडपानावर काय काढायचं? दरी काढली, धुकं काढलं, बोनेट उघडून उभा असलेला ड्रायव्हर काढला. संपादकांना चित्रं आवडत होती. मला त्यांत आजी-नातवाचं बोलणं कुठेच दिसत नव्हतं.

अशात कुडाळला नातेवाइकांकडे जाणं झालं. गावात शाळेच्या मैदानावर स्थानिक कलामहोत्सव भरला होता. सावंतवाडीची लाकडी खेळणी, लाखेनं चमकणारे गंजिफाचे गोल पत्ते, रात्री दशावतार. दुपारची वेळ रिकामी असते, तेव्हा एका कोपऱ्यातल्या मांडवात पिंगुळीच्या एका कलाकारांनी चित्रकथीची पोथी, म्हणजे दाखवत-गात गोष्ट सांगायचा चित्रांचा संच, उघडली.

पिंगुळी कुडाळला लागूनच आहे. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला आहे. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि गावात त्यांचं संग्रहालयही आहे. एवढं मला माहीत होतं. पुस्तकांत छापलेली चित्रकथीची चित्रंही पाहिली होती. पण पोथी ही पाहायची वस्तूच नाही, ऐकायची आहे, हे त्या मांडवात कळलं. चित्रं सुटी असतात, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. निवेदक एक चित्र उभं धरतो, गातो, सांगतो, साथीला टाळ आणि हुडुक हे छोटं चर्मवाद्य. मग ते उलटतो. तोपर्यंत सगळा मांडव त्या एकाच चित्राकडे बघत असतो.

त्या दिवशी अंगदशिष्टाई चालू होती. म्हणजे रावणाच्या दरबारातला वाद, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलणंच! मी सरसावून बसले. रावण त्याला आसन देत नाही, म्हणून अंगद शेपटीची वेटोळी रचून तिच्यावर बसतो आणि रावणाहून उंच होतो. ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. चित्रात मात्र त्या उंचीनंच अर्धा वाद जिंकलेला होता. दोघे एका बाजूनं दिसणारे, समोरासमोर, मोठ्या डोळ्यांचे. मागे दरबाराचे खांब नाहीत, झुंबरं नाहीत, जवळजवळ कोरा कागद. बोलणं होतं ते हातांत: रावणाचं वर गेलेलं बोट, अंगदाचा उघडा तळवा. आणि दोघांच्या मधल्या जागेत. एका चित्रात ती जागा वीतभर होती, पुढच्यात बोटभर उरली आणि आवाज चढल्याचं डोळ्यांना कळलं.

खेळ संपल्यावर मी त्यांना विचारलं, इतका कडाक्याचा वाद आणि कुणाचंच तोंड उघडं कसं नाही? ते चित्र माझ्यापुढे धरून म्हणाले, "तोंड कित्याक उघडूक व्हया, बाय? हात बोलतत मां."

त्यांच्या परवानगीनं मी मांडवातच वही काढली आणि अख्खं पुस्तक अंगठ्याएवढ्या चौकटींत पुन्हा मांडलं. दरी गेली, धुकं गेलं, ड्रायव्हर एका पानापुरता उरला. आजी डाव्या पानावर, नातू उजव्या पानावर, मधे पुस्तकाची घडी. तो रुसतो तिथे तो पानाच्या कडेला सरकतो आणि मधलं पांढरं वाढत जातं. आजी स्वतःच्या लहानपणाबद्दल सांगू लागते तेव्हा ती खालच्या पायरीवर बसते, नातू वरच्या, कारण त्या पानांपुरती तीच लहान असते. त्याचा प्रश्न उजव्या पानावर संपतो, उत्तर पान उलटल्यावर. पोथी उलटताना मांडवातली मुलं जशी पुढे झुकत होती, तशी वाचणारं मूल इथे झुकावं, एवढीच इच्छा.

एक गोष्ट मी ठरवून टाळली. ते मोठे डोळे, ते मुकुट, ती रेघ मी घेतली नाही. ती त्या घराण्यांची आहे आणि त्यांच्याच हातून यायला हवी. आजकाल वारली माणसं चहाच्या कपापासून शबनमपर्यंत कुठेही छापलेली दिसतात, काढणाऱ्या पाड्यांना त्यातलं काय मिळतं असा प्रश्न मला दर वेळी छळतो. मला मिळाली होती ती मांडणीची समज. ती घेऊन आजी-नातू माझ्याच रेघेत काढायचे होते.

नवा आराखडा पाहून लेखिकेनं आपणहून काही वाक्यं काढून टाकली. जे हात सांगत होते, ते शब्दांत नको, असं तिचं म्हणणं. संपादकांशी मात्र कोऱ्या जागेवरून बराच वाद झाला, कारण रिकामं पान पाहिलं की पालकांना पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, असा त्यांचा अनुभव आहे. शेवटी पुस्तक पांढऱ्या जागेसकट छपाईला गेलं. श्रेयनामावलीत पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचा उल्लेख आहे, आणि पहिल्या प्रतींपैकी एक त्या कलाकारांच्या हातात द्यायला मी स्वतः जाणार आहे.