आमची वाटचाल : गावठी खुंटावरची रोपवाटिका

कोल्हापुरात जास्वंदीची जाहिरात करावी लागत नाही. गणपती जवळ आले की लाल फुलाची आठवण घरोघरी होते. आमची सुरुवातही लाल, एकेरी गावठी जास्वंदीच्या छाट कलमांनीच झाली. पेन्सिलीएवढी जाड, पाच-सहा इंचांची काडी पेराच्या लगेच खाली तिरकी कापायची, शेंड्याची दोन पानं अर्धी ठेवायची आणि दोन पेरं मातीत जातील अशी लावायची. महिन्या-दीड महिन्यात मुळ्या धरतात.

आम्हाला अडवलं मातीनं. काळी माती हाताशी होती, म्हणून पिशव्या तिनेच भरायचो. जुलैच्या संततधारेत ती पाणी धरून बसते, मुळ्यांना हवा मिळत नाही आणि त्या कुजतात. वर पानं पिवळी पडतात; झाड तहानलंय असं समजून माणूस आणखी पाणी घालतो. आता दोन पाट्या लाल माती, एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक पाटी जाड वाळू. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. धंद्याला खरा आधार या मिश्रणानं दिला.

पुढे पिवळ्या, केशरी संकरित जाती आल्या. यातल्या बऱ्याच स्वतःच्या मुळ्यांवर नाजूक राहतात, म्हणून गावठी खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या गावठी जास्वंदीच्या रोपावर, त्यांची पाचरीसारखी तासलेली काडी बसवून पाचर कलम करतो. खुंट छाटला की बुळबुळीत चिकट रस येतो. तो पुसून मगच इंचभर चीर द्यायची. काडीची निदान एका बाजूची साल खुंटाच्या सालीला भिडलीच पाहिजे, नाहीतर सांधा धरत नाही. पट्टी घट्ट बांधून वर प्लास्टिकची पिशवी, आणि तीन आठवडे सावली. "पिवळं नेलं, लाल फुललं" ही तक्रार आली की समजावं, सांध्याखालची फूट वाढू दिली गेली. ती दिसताच मोडायची.

कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवावा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावं. खोडावरच्या मुंग्याही हटवाव्यात. पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतो, त्यासाठी त्याच त्याला राखतात.

फूल येतं नव्या फुटीवर. गणपतीला फुलं हवी असतील तर छाटणी मेअखेर उरकावी. जुलैत कात्री लावली तर तेव्हा नुसती पालवीच हाती लागते.