तुम्ही विचारलेत म्हणून: ची वारा नाचताना हातात कुदळ का नसते?

आफ्रिकेतील श्रमनृत्यांविषयी बोलून झाले की एक प्रश्न हमखास येतो: "आपल्या कोळीनृत्यात वल्ही मारतात, तसे माली देशातले बामाना समाजाचे शेतकरी नाचताना कुदळ मारतात का?" मारत नाहीत. ची वारा या त्यांच्या नाचात नर्तक डोक्यावर कुरंगाचे, म्हणजे हरणासारख्या जनावराचे, लाकडी शिरोभूषण बांधतो; त्याच्या दोन्ही हातांत कुदळीऐवजी काठ्या असतात आणि त्या काठ्या म्हणजे त्या जनावराचे पुढचे पाय.

बामाना भाषेत ‘ची’ म्हणजे शेतकाम आणि ‘वारा’ म्हणजे रानटी जनावर. आपण एखाद्याला ‘कामाला वाघ’ म्हणतो, त्याच जातीचे हे नाव आहे. अर्धा माणूस, अर्धा पशू असलेल्या ची वाराने नखांनी आणि टोकदार काठीने जमीन उकरून माणसांना शेती शिकवली, पुढे माणसे धान्याची नासाडी करू लागली तेव्हा त्याने स्वतःला जमिनीत गाडून घेतले, अशी कथा सांगतात.

तिथली ‘दाबा’ नावाची कुदळ आखूड दांड्याची असल्यामुळे खणणाऱ्याला कमरेत पार वाकावे लागते. नर्तकही तसाच वाकतो, पण हातातल्या काठ्या जमिनीला टेकताच तीच वाकलेली पाठ चार पायांच्या कुरंगाची होते. शेतात तरुणांची खणण्याची चढाओढ लागलेली असते, बायका गाण्यांनी त्यांना चेव आणतात आणि शेजारी हे कुरंग नाचतात. जो सर्वांत सरस खणेल, त्याला लोक ‘ची वारा’ म्हणतात. कष्टाने मोडलेली पाठ इथे लाजेची राहत नाही, बामाना शेतकऱ्याची ती ओळखच होते. म्हणूनच याला नक्कल म्हणणे मला पटत नाही.

नाचणारे दोघेही पुरुष, पण जोडी नर-मादीची, आणि मादीच्या पाठीवर पाडस. नर म्हणजे सूर्य, मादी म्हणजे धरती आणि अंगभर लोंबणारे तंतू म्हणजे पाणी, असा अर्थ लावला जातो; पीक यायला तिन्ही लागतात, त्यामुळे एकट्या नराने नाचून चालत नाही. काही शिरोभूषणांत कुरंगाखाली आर्डव्हार्क (वाळवी खाणारा आफ्रिकी प्राणी) किंवा खवल्या मांजर कोरलेले असते, कारण तेही जमीन उकरणारेच.

पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मात्र बहुधा नुसते लाकडी शिरोभूषणच, ताठ उभे केलेले दिसते. ज्या टोपलीवजा टोपीवर ते बांधत ती पुष्कळदा नसते, तंतूंचा पोशाख नसतो आणि खाली वाकलेला माणूस तर नसतोच.