वर गोड, खाली तिखट: फराळाच्या सरकत्या पट्टीतली ग्रिड

कॅरूसेलच्या (वेबपानावरच्या आडव्या सरकत्या पट्टीच्या) आत ग्रिड, म्हणजे ओळी-स्तंभांची मांडणी, बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका स्लाइडवर, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या गठ्ठ्यात, किती कार्डं घ्यायची? माझं मत आता पक्कं झालंय की हा प्रश्न विचारूच नये. स्लाइड ही गोष्टच मधून काढली की ग्रिडची निम्मी दुखणी आपोआप जातात. बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या काकूंच्या फराळाची साइट यंदा नव्याने केली. त्या कामात हे जितकं स्पष्ट दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

काकू आणि त्यांच्या मैत्रिणी घरून फराळ करून देतात. चकली, कडबोळी, शेव, अनारसे, चिरोटे, करंज्या, रव्याचे आणि बेसनाचे लाडू, आणि बडोद्यात राहायचं म्हणजे लीलो चेवडो (इथला ओलसर चिवडा) आलाच. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं गुजराती. रावपुऱ्यातले, कारेलीबागेतले लोक असतात. ज्यांची मुलं पुण्याला किंवा परदेशी आहेत ते त्यांच्यासाठी पार्सल सांगतात ते वेगळंच. जवळजवळ सगळे फोनवरूनच बघतात, खुद्द काकूसुद्धा.

जुनी साइट एका तयार टेम्प्लेटवर होती. तीन-तीनच्या दोन ओळी, अशी स्लाइडवर सहा कार्डं. लॅपटॉपवर देखणी दिसायची. फोनवर मात्र तीच सहा कार्डं एकाखाली एक यायची, म्हणजे एकेक स्लाइड तीन-चार स्क्रीन उंच. खाली जाईपर्यंत बाण वरच राहून जायचे. शेवटच्या स्लाइडवर दोनच पदार्थ उरलेले, त्यामुळे ती समोर आली की खालचं सगळं पान एकदम वर सरकायचं आणि ‘ऑर्डर द्या’वर टेकवायला नेलेलं बोट भलतीकडेच पडायचं.

असं होण्याचं कारण साधं आहे. अशा कॅरूसेलमध्ये चालू स्लाइड सोडून बाकीच्यांना सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘डिस्प्ले: नन’ लावलेलं असतं. त्या पानातून गायबच असतात, म्हणून डब्याची उंची फक्त समोरच्या स्लाइडएवढी. यावर एक चांगला उपाय आहे. सगळ्या स्लाइड एकाच ग्रिड-चौकटीत एकावर एक ठेवायच्या आणि नको त्या ‘व्हिजिबिलिटी: हिडन’ने झाकायच्या. मग सर्वांत उंच स्लाइड सगळ्यांची उंची ठरवते आणि पान उडत नाही. हेडलाइन किंवा अभिप्रायांच्या कॅरूसेलला हा उपाय मी आजही वापरते. पण फराळाच्या बाबतीत त्याने शेवटच्या स्लाइडखाली चार कार्डांएवढी पांढरी जागा उरली असती. मूळ दुखणं उंचीचं नव्हतंच. सहा हा आकडा लॅपटॉपच्या रुंदीवरून आलेला होता आणि तो थेट मार्कअपमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएलमध्ये, बसवलेला होता.

म्हणून गठ्ठे मोडले. कार्डं थेट पट्टीची मुलं केली, म्हणजे मधे स्लाइड न ठेवता पट्टीच्या आत ठेवली. पट्टीला ‘डिस्प्ले: ग्रिड’, आडवा ओव्हरफ्लो ‘ऑटो’, ‘स्क्रोल-स्नॅप-टाइप: एक्स मँडेटरी’, आणि प्रत्येक कार्डाला ‘स्क्रोल-स्नॅप-अलाइन: स्टार्ट’. एवढ्यावर पट्टी बोटाने सरकते आणि कार्डाच्या कडेशी येऊन थांबते. लायब्ररी लागत नाही. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी, तिघांनीही ग्रिड मार्च २०१७मध्ये आणली, आणि स्क्रोल-स्नॅपही आता सगळीकडे चालतं. तरीसुद्धा सरकत्या पट्टीसाठी मोठाली स्क्रिप्ट पानावर चढवणारी कामं अजून रोज दिसतात. बाजारात उभं राहून डेटा वापरणाऱ्या माणसाच्या वतीने मला ते खरंच खटकतं.

आता दोन ओळींचा भाग, ज्यात माझा सगळ्यात जास्त जीव अडकला. आडव्या पट्टीत दोन ओळी हव्या असल्या की सगळीकडे एकच कृती सांगितली जाते: दोन रो ठरवून द्या आणि ‘ग्रिड-ऑटो-फ्लो: कॉलम’ करा. मग पहिलं कार्ड वर, दुसरं त्याच्या खाली, तिसरं पुढच्या स्तंभात वर, असं भरत जातं. मी ते तसं करून काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “लाडवाखाली चकली, करंजीखाली अनारसे, चिरोट्याखाली शेव. अगं, असं कोण मांडतं? गोड एकीकडे, तिखट एकीकडे.” अगदी बरोबर बोलल्या. कॉलम-फ्लोमध्ये वरची ओळ म्हणजे पहिलं, तिसरं, पाचवं कार्ड. त्या ओळीला स्वतःचा काही अर्थच नसतो. बघणारा माणूस तर ओळच वाचतो.

यादीत गोड-तिखट आलटून पालटून रचणं हा एक मार्ग झाला, पण एक पदार्थ कमी झाला की सगळं बिघडणार. शिवाय स्क्रीन-रीडर (अंधांना पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) यादीच्या क्रमाने वाचतो. त्याला लाडू, चकली, करंजी, कडबोळी असं ऐकवत बसायचं का? मग कॉलम-फ्लो ठेवून गोड कार्डांना ‘ग्रिड-रो: १’ आणि तिखटांना ‘ग्रिड-रो: २’ दिलं, यादीत आधी सगळे गोड आणि नंतर सगळे तिखट. पहिली तिखट वस्तू थेट शेवटच्या गोडाच्या खाली जाऊन बसली, आणि तिच्या डावीकडे अख्खी ओळ रिकामी. हे ब्राउझरचं चुकत नाही. कॉलम-फ्लोमध्ये ब्राउझर कार्डं ठेवत ठेवत उजवीकडे जातो आणि ‘डेन्स’ सांगितल्याशिवाय रिकाम्या जागा भरायला परत डावीकडे येत नाही.

खरा मार्ग याहून सोपा निघाला: कॉलम-फ्लो काढूनच टाकायचा. ग्रिडचा मूळ प्रवाह ओळीचा असतो, आणि ज्या कार्डाची ओळ आधीच ठरवून दिलेली आहे ते त्या प्रवाहात सर्वांत आधी मांडलं जातं, आपापल्या ओळीत, डावीकडून उजवीकडे, सलग. स्तंभ लागतील तसे ब्राउझर स्वतः वाढवतो आणि त्यांची रुंदी ‘ग्रिड-ऑटो-कॉलम्स’ने ठरते. म्हणजे दोन क्लास, दोन नियम, आणि वर गोड, खाली तिखट. यादीचा क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम एकच. सुरुवातीला ‘पूर्ण डबा’ हे कार्ड ठेवलंय, त्याला ‘ग्रिड-रो: १ / स्पॅन २’, त्यामुळे ते दोन्ही ओळी व्यापून उभं राहतं आणि बाकीचे त्याच्या उजवीकडून सुरू होतात. लीलो चेवड्यात साखर, लिंबू आणि मिरची तिन्ही, तो कुठे बसवायचा यावर काकू आणि त्यांच्या मैत्रिणी बराच वेळ बोलत होत्या. शेवटी तिखटात गेला.

उंचीचा प्रश्नही इथेच मिटला. ओळीतल्या सर्वांत उंच कार्डाएवढी अख्खी ओळ, आणि पट्टीतली सगळी कार्डं कायम पानात हजर असल्यामुळे कितीही सरकवा, खालचं पान हलत नाही.

रुंदीचं सांगते. ही पट्टी तीन ठिकाणी लागते: मुख्य पानावर पूर्ण रुंदीत, पदार्थाच्या पानावर उजवीकडच्या अरुंद रकान्यात, आणि ऑर्डर भरल्यावर खाली. ईथन मार्कोट यांनी २०१०मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव रूढ केलं तेव्हापासून आपण मीडिया क्वेरीने स्क्रीनची रुंदी विचारत आलो. पण उजवीकडच्या रकान्यातल्या पट्टीला स्क्रीन १४०० पिक्सेलचा आहे हे कळून काय उपयोग? तिच्या वाट्याला ३०० पिक्सेल आलेले असतात. अशा जागी स्क्रीनऐवजी आजूबाजूच्या डब्याची रुंदी विचारणारी कंटेनर क्वेरीच हवी. ती क्रोम आणि सफारीत २०२२मध्ये आली, फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३मध्ये, त्यामुळे आता बिनधास्त वापरते. पट्टीबाहेरच्या डब्याला ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ’ द्यायचं आणि आतल्या पट्टीला त्या डब्याच्या रुंदीप्रमाणे नियम. डबा ४८० पिक्सेलच्या आत असेल तर स्तंभ ४२ टक्के, त्यापुढे ३० टक्के, आणि ८०० ओलांडले की २२ टक्के.

हे आकडे मुद्दाम अडनिडे आहेत. ५० टक्के दिले तर फोनवर दोन कार्डं बरोबर बसतात आणि पुढे काही आहे हे कुणाला कळतच नाही. ४२ टक्क्यांत तिसऱ्या कार्डाची कड डोकावते, अर्धवट कापलेली करंजी दिसते, आणि बोट आपोआप तिकडे जातं. खाली ठिपके लावण्यापेक्षा ही खूण कितीतरी जास्त लोकांना कळते.

कंटेनरबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कंटेनर स्वतःबद्दल क्वेरी करू शकत नाही, म्हणून बाहेरचा डबा वेगळा लागतोच. आणि इनलाइन-साइझ म्हटलं की त्या डब्याची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरणं बंद होतं. तो फ्लेक्समध्ये (वस्तू एका रांगेत मांडणाऱ्या चौकटीत) रुंदी न देता ठेवला असेल तर आकसून शून्य होतो. ‘फ्लेक्स: १’ किंवा रुंदी द्यायची. या बंधनाचा एक मोठा फायदाही आहे. एरवी १ एफआरच्या (उरलेल्या जागेतल्या एका वाट्याच्या) रकान्यात लांब पट्टी ठेवली की ती आपल्या रुंदीने अख्खं पान फुगवते, कारण एफआरची खालची मर्यादा मजकुराएवढी असते, आणि मग ‘मिनमॅक्स(०, १ एफआर)’ लिहून तिला आवरावं लागतं. डबा कंटेनर झाला की फुगवायला आत काही उरतच नाही.

कार्डाच्या आत मात्र देवनागरीकडे नीट बघावं लागतं, आणि याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. टेम्प्लेटमध्ये नावाला लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ आणि दोन ओळींचा लाइन-क्लँप, म्हणजे दोन ओळींपुढचं कापणारा नियम, होता. इंग्रजीला ते पुरतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. क्लँपला ओव्हरफ्लो हिडन लागतोच, त्यामुळे शेवटच्या ओळीचा उकार कापला जायचा आणि ‘भाजणीची चकली खुसखुशीत’ हे फोनवर ‘खसखशीत’ असं दिसायचं. खाली पॅडिंग देऊन भागत नाही, कारण त्या फटीतून तिसऱ्या ओळीची डोकी दिसायला लागतात. लाइन-हाइटच वाढवावी लागते. माझ्या फॉन्टला १.६ लागली. नावाच्या चौकटीला कमीत कमी उंची ‘२ एलएच’ (दोन ओळींएवढी) दिली, म्हणजे एका ओळीचं नाव असो की दोन, किंमत सगळीकडे एकाच रेषेत येते. गुजराती आवृत्तीत तेच पदार्थ, पण शिरोरेघ नसलेली लिपी, शब्दांची रुंदी वेगळी, आणि तरी ओळ मोडत नाही.

त्यातच एक छोटी गोष्ट. पानाला ‘लँग’ मराठी लावा, नुसत्या ‘हिंदी’वर सोडू नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं दिलेली असतात त्यात तेवढ्याने ‘लाडू’मधला ल आणि ‘शेव’मधला श आपल्या वळणाचे होतात. दांडिया बाजारात जुन्या पाट्यांवर ज्या वळणाचा ल वाचत वाढलो, तो फराळाच्या कार्डावर दिसला की बरं वाटतं.

फोटो सगळ्या जणींनी आपापल्या फोनने काढलेले, कुणी उभे, कुणी आडवे. ‘आस्पेक्ट-रेशो’ ४/३ आणि ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’ने ते एका मापात येतात. चकलीचं ताट उभ्या फोटोत खालच्या बाजूला होतं, तिथे तेवढी ‘ऑब्जेक्ट-पोझिशन’ बदलली. सुरुवातीला न दिसणाऱ्या कार्डांच्या फोटोंना लेझी लोडिंग, म्हणजे ते गरज पडल्यावरच उतरतात.

लॅपटॉपवाल्यांसाठी बाण आहेत. बाण दाबला की पट्टी तिच्या दिसणाऱ्या रुंदीएवढी सरकते, नेमकं कुठे थांबायचं ते स्नॅप बघतं. पट्टीला टॅबइंडेक्स शून्य दिलाय म्हणजे कीबोर्डनेही सरकते. आपोआप सरकणं ठेवलं नाही. डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांचा, नियमच आहे की ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपणहून हलणारी गोष्ट थांबवायची सोय हवी. पण नियम नसता तरी मी ठेवलं नसतं. भाव वाचता वाचता कार्ड हातातून निघून जाणं हा वयस्क माणसाला होणारा त्रास मी काकूंच्या शेजारी बसून बघितलाय.

दिवाळीच्या तोंडावर अनारसे सगळ्यात आधी संपतात, कारण त्यांचं पीठ आयत्या वेळी होत नाही. आता काकू फोनवरूनच ‘संपले’ वर खूण करतात. कार्ड यादीतून जातं, वरची ओळ डावीकडे सरकून सलग होते, खालची तिखटाची ओळ जिथल्या तिथे राहते, आणि त्यासाठी काकूंना मला फोन करावा लागत नाही.